शाळेतल्या पोरांनंतर घरातली पोरं: शिक्षक आई-बाबांनी दिवसाची घडी कशी बसवायची

श्रावणातली संध्याकाळ. दिवसभर पाऊस झोडपत होता, शाळेच्या मैदानात घोटाभर चिखल, त्यामुळे मधली सुट्टीसुद्धा वर्गातच. दुसरी-तिसरीची तीस पोरं साडेदहापासून पाचपर्यंत एका खोलीत. तिथून मोपेडवर भिजत घरी आले. रेनकोट खुंटीला अडकवते न अडकवते तोच आतून धप्पकन आवाज आला. धाकटीने भाकरी करायची म्हणून ज्वारीच्या पिठाचा डबा ओढला होता आणि निम्मं पीठ ओट्याखाली सांडलं होतं. मी ओरडले. मागच्या बाकावरच्या पोरांसाठी राखून ठेवलेला आवाज निघाला, शब्दही तेच, "काय चाललंय तिकडं?" ती भिंतीला टेकली, हाताची घडी घातली आणि मान खाली घालून म्हणाली, "सॉरी बाई."

कधीमधी शनिवारी ती माझ्याबरोबर शाळेत येते. तिथल्या पोरांचं ऐकून तिला माहीत होतं, या आवाजाला काय उत्तर द्यायचं असतं. पाच वर्षांच्या लेकीने मला माझ्याच घरात बाई म्हटलं, हे मला त्या रात्री झोपू देईना. माझी मुलं दंगेखोर आहेत, पण त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दिवसभराची समजूत, सबुरी आणि घसा मी दुसऱ्यांच्या लेकरांवर खर्च करून येत होते आणि उरलासुरला गाळ घरच्यांच्या वाट्याला जात होता. तेव्हापासून दोन वर्षं मी दिवसाची मांडणी बदलत आले आहे. जे टिकलं तेवढंच इथे लिहिते.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, शाळा नदीपलीकडे, केर्ली गावाच्याही पुढे. थोरला तिसरीत, धाकटी आता पहिलीला गेली. मुलांचे बाबा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, पाळीप्रमाणे. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. तुमच्या घरची माणसं वेगळी असतील, वेळा वेगळ्या असतील, पण शिक्षकाचा शीण सगळीकडे सारखाच.

आधी तीन दिवस नुसतं लिहा

काही बदलायच्या आधी एक जुनी वही घ्या आणि तीन दिवस चार गोष्टी टिपा: किती वाजता ओरडलात, त्याआधी मुलं काय करत होती, तुम्ही शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं होतं, आणि तेव्हा घरात आणखी कोण होतं. आपण वर्गात निरीक्षणाच्या नोंदी करतोच, तशाच स्वतःच्या करायच्या. चांगलं-वाईट काही ठरवू नका.

मला वाटायचं मी दिवसभर चिडचिडी असते. वहीने वेगळंच दाखवलं. ओरडण्याच्या जवळजवळ सगळ्या वेळा दोन ठिकाणी गोळा झाल्या होत्या: सकाळी मोजे-पट्टा शोधताना, आणि संध्याकाळी पावणेसहा ते साडेसहा. दुसरं असं दिसलं की संध्याकाळी ओरडायच्या आधी माझ्या पोटात शेवटचा घास दीड वाजताचा होता आणि पाण्याची बाटली अर्धी भरलेली तशीच परत आलेली. शाळेत स्वच्छतागृहाची अडचण म्हणून पाणीच कमी प्यायचं, हे आपल्यातल्या कितीतरी बाया वर्षानुवर्षं करतात. मीही करत होते. दुपारभर बोलून कोरडा पडलेला घसा आणि रिकामं पोट घेऊन आल्यावर पिठाचा डबा सांडणं हे निमित्त होतं.

तुमच्या वहीत वेळ वेगळी निघेल. जी निघेल तिथूनच सुरुवात करा. सगळा दिवस एकदम सुधारायला जाऊ नका.

शाळा सोडायच्या आधीची दहा मिनिटं

पोरं घरी गेली की लगेच गाडीला किक मारायची नाही. दहा मिनिटं बसायचं. उद्याच्या टाचणाचे, म्हणजे पाठाच्या तयारीच्या नोंदीचे, निदान विषय आणि पाठांची नावं लिहून टाकायची, म्हणजे रात्री डोक्यात घोळत राहत नाहीत. राहिलेली कामं एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी शाळेच्या टेबलाच्या खणात ठेवायची, पर्समध्ये नाही. पर्समधली चिठ्ठी घरी येऊन बोलायला लागते.

मग पाणी प्यायचं आणि काहीतरी खायचं. माझ्या खणात एका डब्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे असतात. आपल्याकडे गुळाला काय तोटा! मूठभर दाणे आणि एक खडा, एवढ्याने घरापर्यंतचा रस्ता सुखाचा जातो. राजगिऱ्याचा लाडू किंवा केळंही चालेल, पण चहा-बिस्किटावर भागवू नका. अर्ध्या तासात परत भूक लागते आणि तोवर तुम्ही नेमक्या घराच्या दारात असता.

रस्त्यात मी शिवाजी पूल ओलांडला की शाळेचा विचार थांबवते. सुरुवातीला हे जमत नव्हतं. मग मोठ्याने म्हणायला लागले, "संपली शाळा." हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय? तुमच्या वाटेवर असं एखादं ठिकाण ठरवा, नाका, ओढा, वडाचं झाड, काहीही. रोज तेच ठिकाण पाहिजे.

घराच्या दारापासून वीस मिनिटं

बाकी काहीच करायला जमलं नाही तरी एवढं करा. या वीस मिनिटांनी आमच्या घराची संध्याकाळ बदलली.

दारातून आत आल्यावर मोबाइल पर्समध्ये आणि पर्स कपाटावर. शाळेचा ग्रुप, आजूबाजूच्या शाळांच्या केंद्राचा ग्रुप, पालकांचा ग्रुप, कुठलाही निरोप वीस मिनिटं थांबू शकतो. हातपाय धुवायचे आणि सरळ फरशीवर बसायचं. खुर्चीवर नको. खाली बसलेल्या आईजवळ पोरं आपोआप येतात, उभ्या आईच्या मागे मागे फिरतात आणि पायात येतात. हा फरक मला वर्गातूनच कळला होता, घरी वापरायचं सुचलं नव्हतं.

दोन मुलं असली की पहिली मांडी कुणाची यावरून भांडण ठरलेलं. आमच्यात विषम तारखेला थोरला, सम तारखेला धाकटी. कॅलेंडरवर पोरंच बघतात, मला निवाडा करावा लागत नाही. धाकटीला सम-विषम याच कारणाने पहिलीआधीच समजलं.

या वीस मिनिटांत मी काही प्रश्न विचारत नाही. "गृहपाठ काय दिलाय?", "डबा संपवला का?", "पाढे म्हटलेस का?" हे तिन्ही प्रश्न बंद. मुलं जे सांगतील ते ऐकायचं. बाकावरून कोण पडलं, रिक्षाकाकांनी कुणाला दम दिला, कुणाच्या रबराला वास येतो. आणि ऐकताना सुधारायचं नाही. थोरला "मी गेलतो" म्हणाला की "गेलो होतो म्हण" हे माझ्या ओठांवर येतं. शिक्षकाला हे गिळणं फार अवघड जातं, पण गिळायचं. सुधारणा सुरू झाली की पोर सांगायचं थांबवतं. आणि तसंही कोल्हापुरात गेलतोच म्हणतात.

याच वेळी खाऊ. तो सकाळीच डब्यात काढून ठेवलेला असतो: भडंग, चिरमुरे-फुटाणे, केळी, कधी आदल्या रात्रीच्या आंबोळीची गुंडाळी. आल्यावर गॅस पेटवायचा नाही. चहासुद्धा वीस मिनिटांनंतर. मला वाटलं होतं सासूबाईंना हे खटकेल. पण पहिल्याच दिवशी मी उठायला लागले तर त्याच म्हणाल्या, "बस की जरा. च्या कुठं पळून जात न्हाई." त्यानंतर संध्याकाळचा चहा त्याच ठेवतात.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवते. पहिला आठवडा हे नीट होणार नाही. मुलं अंगावर चढतील, एकमेकांना ढकलतील, वीस मिनिटं संपली तरी सोडणार नाहीत. त्यांना भरवसा नसतो की उद्या हे पुन्हा मिळेल. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात थोरला दहाव्या मिनिटाला आपणहून उठून चेंडू घेऊन बाहेर गेला. त्याचं पोट भरलं होतं. तुम्ही याल तेव्हा मुलं खेळात रमली असतील तर त्यांना हाक मारू नका, तुम्ही फक्त खाली बसा. आणि एखाद्या दिवशी केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद लांबली, यायला सात वाजले, तरी वीस मिनिटं कमी करा पण टाळू नका. पाच मिनिटंही चालतात.

मुलांचे बाबा दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा येतात तेव्हा मुलं झोपलेली असतात. त्यांनी त्या आठवड्यात हीच वीस मिनिटं सकाळी लावून घेतली. मोजे, पट्टा, दप्तर हा सगळा भाग त्यांच्याकडे गेला आणि माझ्या वहीतली सकाळची ओरड जवळपास बंद झाली.

गृहपाठाच्या आधी दंगा

दिवसभर बाकावर बसलेल्या पोराला घरी आल्या आल्या पुन्हा वही समोर घेऊन बसवणं ही मोठी चूक. पाच वर्षांपुढच्या मुलांनी रोज किमान 60 मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पोरांची तेवढी होत नसेल तर ती रात्री नऊ वाजता गादीवर होणार, हे समजून चाला.

आमच्या पेठेत याची सोय गल्लीतच आहे. कोल्हापुरात पोराला चालता येण्याआधी चेंडूला लाथ मारता येते. गांधी मैदान जवळ आहे, रंकाळाही चालत जाण्याइतका. साडेसहा ते साडेसात मुलं बाहेर. सासूबाई दाराशी कट्ट्यावर बसतात, मी निम्मा वेळ त्यांच्यापाशी आणि निम्मा वेळ आत. गल्ली रहदारीची असेल तर दोन-तीन घरांनी मिळून आळीपाळीने एकाने मुलांबरोबर जायचं. आमच्या इथे तीन घरांचं असं ठरलं आहे, माझी पाळी मंगळवार आणि शुक्रवार.

पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं आणि गल्लीतही खेळता येत नाही. तेव्हा घरात अंग मोडेल अशी कामं पाहिजेत. मोबाइल दिला की पोरं गप्प बसतात, पण अंगातली रग तशीच राहते आणि नंतर दुप्पट बाहेर पडते. आमच्याकडे चाललेल्या गोष्टी: दोरीवरच्या उड्या (खालच्या मजल्यावर राहत असाल तरच), जोर-बैठका, सूर्यनमस्कार, छोट्या कळशीने मोरीतून बादली भरणं, गाद्या एका खोलीतून दुसरीकडे ओढत नेणं, धुतलेले कपडे पिळणं. थोरल्याला तालमीचं वेड आहे, त्याला जोर मारायला सांगितलं की तो स्वतःच मोजत बसतो. धाकटीला पीठ मळायला देते. हो, तेच पीठ. परातीत दोन मुठी पीठ, वाटीभर पाणी, आणि खाली जुनं वर्तमानपत्र. तिची भाकरी वेडीवाकडी होते, कधी मधेच फाटते, पण ती दोन्ही तळहातांनी थापताना जीभ बाहेर काढून इतकी गुंग होते की अर्धा तास घरात तिचा आवाज येत नाही. झालेली भाकरी तव्यावर टाकायची आणि ती खायची, हे महत्त्वाचं. टाकून दिलेली तिला कळते.

आपल्याच पोराचे बाई-सर होऊ नका

ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्या गावात शिक्षकाकडे लोक अजूनही मानाने बघतात. त्या मानाची दुसरी बाजू आपल्या मुलांना सोसावी लागते. "बाईंचा पोरगा आणि अक्षर असं?" लग्नात, हळदीकुंकवात, रिक्षाच्या थांब्यावर, कुणीही म्हणून जातं. ते वाक्य ऐकून घरी येऊन पोराला शुद्धलेखनाला बसवलेलं मला आठवतं. त्याचं अक्षर सुधारलं नाही. लिहायला बसायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला मात्र लागलं.

आता गृहपाठ आमच्याकडे असा होतो. वेळ खेळून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधी. पहिलीच्या मुलीला दहा मिनिटं, तिसरीच्या मुलाला पंधरा, मधे पाणी प्यायला उठायचं, मग हवं तर आणखी दहा. मी शेजारी बसून शेंगा सोलते किंवा भाजी निवडते. विचारलं तर सांगते. चूक दिसली तरी वही ओढून घेत नाही, कारण ती चूक त्याच्या बाईंना दिसायला पाहिजे, त्याशिवाय त्यांना काय शिकवायचं राहिलंय ते कळणार कसं? आपल्याही वर्गात पालकांनी सोडवून दिलेले गृहपाठ येतात आणि आपल्याला काहीच समजत नाही, हे आठवा.

पाढे सासूबाईंकडे दिले आहेत. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) अजून तोंडपाठ आहे, जी मलाही येत नाही. थोरला त्यांच्याकडून निमकी शिकून वर्गात म्हणून दाखवून आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. घरात आज्जी-आजोबा, काका, शेजारची कॉलेजची मुलगी, कुणीही असेल तर अभ्यासातला एक तुकडा त्यांच्याकडे द्या. आई-बाबा शिक्षक आहेत म्हणून सगळं त्यांनीच करायचं असं नाही.

स्वयंपाक आणि झोपेचं गणित

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात. आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी एकच भाजी किंवा आमटी, भाकरी आणि भात. रविवारी मटकी, मूग, चवळी भिजवून मोड आणून फ्रिजमध्ये, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून तीन दिवसांचं. घरची कांदा-लसूण चटणी बरणीत असली की उसळ वीस मिनिटांत होते. दमलेल्या दिवशी पिठलं. त्यात कमीपणा काही नाही, पोरं आवडीने खातात.

झोपेचं मात्र गणित मांडायचं, आणि ते उलटं मांडायचं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 24 तासांत 9 ते 12 तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13. सकाळी साडेसहाला उठवायचं असेल तर साडेनऊला डोळा लागला तरी जेमतेम नऊ तास भरतात. झोपायला लागणारी वीस-पंचवीस मिनिटं धरली तर नऊला दिवा बंद. म्हणजे साडेआठला दात घासणं, आठला जेवण संपलेलं, सातला कुकर. आम्ही आधी साडेनऊला जेवायचो आणि मुलं सकाळी का रडतात याचा शोध सकाळी घ्यायचो. वेळ एकदम तासाभराने मागे आणू नका, पोरं अंधारात टक्क जागी राहतील. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं.

शेवटच्या अर्ध्या तासात टीव्ही-मोबाइल नको. गोष्ट सांगा. वाचून दाखवायला डोळे उघडे राहत नसतील तर दिवा मालवून तोंडी सांगा, तुमच्या लहानपणीची कुठलीही. माझी आई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातली, तिच्या विहिरीची गोष्ट मी निदान पन्नास वेळा सांगितली असेल.

शाळेचं काम घरी किती आणायचं

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरले आहेत, आणि त्यात तयारीचा वेळ आलेला आहे. हा आकडा आपल्यातल्या फार कमी जणांच्या ध्यानात असतो. मी एक महिना तास मोजले तेव्हा कळलं की वर्गाबाहेरचं काम मी विनाकारण रात्रीवर ढकलत होते.

वर्णनात्मक नोंदींचं, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल शब्दांत लिहायच्या शेऱ्यांचं घ्या. ऑक्टोबर आणि एप्रिल आला की आपण रात्री जागून तीस मुलांच्या नोंदी एका बैठकीत लिहितो, सगळ्या सारख्याच होतात आणि घरच्या पोरांना आठ दिवस आई दिसत नाही. त्याऐवजी रोज दोन मुलं. वर्गात मुलं चित्र काढत असताना किंवा स्वाध्याय सोडवत असताना त्या दोघांकडे नीट बघायचं आणि तिथेच दोन-दोन ओळी लिहायच्या. तीसचा पट असेल तर पंधरा शाळेच्या दिवसांत एक फेरी पूर्ण. सत्रात चार-पाच फेऱ्या सहज होतात आणि नोंदीत त्या मुलाचं खरं काहीतरी उतरतं. वह्या मी रांगेप्रमाणे तपासते, एका दिवशी एकच रांग, पोराला समोर उभं करून. दोन मिनिटांत त्याला चूक कळते. घरी नेऊन लाल शाईने भरलेल्या वहीकडे ते बघतही नाही.

ऑनलाइन माहिती भरणं टळत नाही. ते काम मुलं झोपल्यावर अर्धा तास, सोमवार ते गुरुवार. त्यापलीकडे गेलं तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत. शुक्रवारी रात्री काही नाही, कारण शनिवारी सकाळची शाळा. शनिवारी दुपारी मी एक तास झोपते, सगळं घर झोपतं, आणि मग पाच वाजता रंकाळा. निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामं लागली की ही घडी मोडतेच. तेव्हा मुलांना आधी सांगते, कॅलेंडरवर त्या दिवसांना लाल गोल करते आणि संपल्यावर त्यांनाच खोडायला लावते.

पुराचे दिवस

कोल्हापूरकरांना जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय आहे. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांची शाळा नदीपलीकडे आहे अशा शिक्षक पालकांनी तयारी जूनमध्येच करायची, 15 जूनच्या सुमारास शाळा उघडते त्याच आठवड्यात.

माझ्या वाटेवर केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं की मार्ग बंद. एकदा दुपारपर्यंत रस्ता चालू होता आणि संध्याकाळी मी पलीकडे अडकले. रात्र गावातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी काढली. घरी थोरला रडून झोपला, कारण त्याला कुणी नीट सांगितलंच नाही की मी कुठे आहे. त्यानंतर आम्ही हे ठरवलं: पातळी 37 फुटांच्या पुढे चढत असेल तर सकाळी निघताना मुख्याध्यापकांशी परतीच्या रस्त्याचं बोलून घ्यायचं. मुलांना रिक्षाकाका सोडतील तेव्हा घरी कोण असेल त्याचं नाव मुलांना सकाळीच सांगायचं. शेजारच्या घरात एक जोड कपडे आणि मुलांच्या औषधांची पिशवी. माझ्या पिशवीत एक जोड कपडे, चार्जर, टॉर्च. आणि मी अडकले तर रात्री आठला फोन, तो कुठूनही आणि कुणाच्याही मोबाइलवरून करायचा. मुलांना वेळ माहीत असली की ती वाट बघू शकतात.

शाळांना सुट्टी पडली की चार-पाच दिवस मुलं घरात कोंडली जातात. त्या दिवसांत शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका. वर सांगितलेली अंगमेहनतीची कामं दोनदा, सकाळ-संध्याकाळ, आणि दुपारी सगळ्यांनी झोपायचं. वरून दूध-पाण्याची टंचाई असतेच. मुलांना त्या कामात घ्या. बादल्या मोजून भरणं, कोणतं पाणी कशाला हे ठरवणं, हे थोरल्याने मोठ्या जबाबदारीने केलं.

रजा वापरा

मूल आजारी पडलं, बोर्डाची परीक्षा आली, आणि आपण किरकोळ रजा संपवून बिनपगारी टाकतो. राज्यात 2018 पासून महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. जिल्हा परिषदेच्या आणि मान्यताप्राप्त अनुदानित शाळांच्या शिक्षिकांनाही ती लागू आहे. पहिल्या दोन हयात मुलांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, तुकड्यातुकड्यांनी घेता येते. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर वडील कर्मचाऱ्यालाही मिळते. ती आधी मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून अर्ज आयत्या वेळी नको. मी थोरल्याच्या टायफॉइडमध्ये पंधरा दिवस घेतली. मागताना संकोच वाटला होता, घेतल्यावर वाटलं आधीच का नाही घेतली.

पोर वांड आहे की आणखी काही

शिक्षक असल्यामुळे आपल्याला इतर मुलांशी तुलना करता येते, तो फायदा घ्या. वांड पोर आवडीच्या कामात रमतं, थकल्यावर झोपतं, आज्जीने दम दिला तर निदान थोडा वेळ थांबतं. पण सहा महिन्यांहून जास्त काळ घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, मूल कशातच टिकत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबूच शकत नाही, रस्त्यावर वाहनं न बघता धावतं, आणि त्यामुळे त्याचं शिकणं किंवा मैत्री अडते आहे असं दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, झोप पुरी होते का ते बघा. सुरुवातीला सांगितलेली वही बरोबर न्या. तारीख-वेळ लिहिलेली दोन पानं डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा जास्त सांगतात. आपल्याच मुलाच्या वर्गशिक्षकांकडूनही चार ओळी लिहून घ्या. सहकाऱ्याला विचारायची लाज वाटते, मला ठाऊक आहे. तरी विचारा.

घसा

आवाज हे आपलं हत्यार आहे आणि घरी आल्यावर मुलांशी बोलायला तो शिल्लक लागतो. वर्गात शांत करण्यासाठी टाळीची लय वापरा: मी तीन टाळ्या वाजवते, पोरं दोन वाजवतात, तोवर गलका थांबलेला असतो. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, पोरांना ऐकू जात नाही म्हणून आपण ओरडतो. दर तासाला चार घोट पाणी. घसा बसला की कुजबुजत बोलायची सवय असते, त्यानेही ताण पडतो. त्यापेक्षा कमी बोला आणि हळू, पण आपल्या नेहमीच्या आवाजात बोला. घरीही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची नाही, उठून जायचं आणि खांद्यावर हात ठेवून सांगायचं. आमच्या घरात हा नियम मुलांनाही आहे आणि त्या एकाच नियमाने घरातला निम्मा आवाज कमी झाला.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मीठ-पाण्याच्या गुळण्यांवर थांबू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मी दरवर्षी मे महिन्यात एकदा तपासून घेते, कारण जूनमध्ये शाळा उघडली की त्यासाठी सुट्टी काढणं माझ्याच्याने होत नाही.